तोंडानं मागितल्याशिवाय

गाडी चालू होताना करते तो आवाज आणि चालू न होताना करते तो आवाज, यांतला फरक आत्याला आता चांगला कळायला लागला होता. पहिला खाकरून बोलायला लागणाऱ्या माणसासारखा, दुसरा नुसताच खाकरत बसणाऱ्या माणसासारखा. गेले काही दिवस गाडी खाकरतच होती. किल्ली फिरवली की इंजिन गुरगुरायचं, क्षणभर पकडायचं, आत्याच्या तोंडून "आली, आली गं बाई माझी" निघायला आणि त्यानं दोन उचक्या देऊन गप्प व्हायला एकच गाठ पडायची.

बरं, गाडी म्हणजे नुसती गाडी असती तर एक वेळ चाललं असतं. ते घर होतं. एके काळी दुकानोदुकानी पाव पोचवणारी ती डिझेलची उंच, बोजड गाडी आत्यानं निवृत्त झाल्यावर घेतली आणि एका सुताराकडून तिच्या पोटात घर करून घेतलं. मागच्या बाजूला पलंग, पलंगाखाली कपड्यांचे खण, एका अंगाला दोन शेगड्यांचा ओटा आणि ताटलीएवढी मोरी, खिडक्यांना तिनं स्वतः शिवलेले पडदे. ड्रायव्हरच्या जागेमागं हातभर लांबीची फळी होती, तिच्यावर देव आणि देवापुढं दिवा. वळणावर काही घरंगळू नये म्हणून तिनं त्या फळीला बोटभर उंचीचा कठडा लावून घेतला, तेव्हा सुतार हसला होता.

"देवाला कशाला कठडा, बाई? तो थोडाच पडतोय?"

"तो नाही पडायचा," आत्या म्हणाली होती, "पण मी वळण कशी घेते ते त्यानं अजून पाहिलेलं नाही."

भावाच्या चांगल्या वाढलेल्या धाकट्या मुलानं ती गाडी पाहिली आणि लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या. पाठीवर घर घेऊन फिरते, म्हणजे आपली आत्या गोगलगाय! तेव्हापासून ती घरात गोगलआत्या झाली. वहिनी दारात उभी होती, ती हसत हसत म्हणाली, "गोगलगाय नि पोटात पाय! कधी ठरवलंत नि कधी घेतलीत, कुणाला पत्ता लागू दिला नाहीत." बोलणं हसण्यावारी गेलं, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

आत्याचं लग्न राहून गेलं होतं, आणि मग राहणंही भावाकडंच राहून गेलं. एका मोठ्या रुग्णालयाच्या कपडेखोलीत तिनं जन्म काढला. चादरी मोजायच्या, फाटलेल्या शिवायच्या, इस्त्री करून थप्प्या लावायच्या. पगार घरात यायचा आणि घरात विरून जायचा. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. माणसं वाईट नव्हती. पण "वहिनी, साबण संपलाय," असं म्हटलं की वहिनी साबण द्यायची, आणि देण्याआधी जरा थांबायची. "दादा, बससाठी सुटे हवेत," म्हटलं की दादा खिशात हात घालायचा, आणि घालण्याआधी जरा थांबायचा. नाही कुणी कधीच म्हणालं नाही. फक्त ते थांबणं. आत्याला वाटायचं, आपलं निम्मं आयुष्य त्या थांबण्यात उभं राहून गेलं.

म्हणून गाडी ताब्यात आली त्या दिवशी तिनं फळीवर देव मांडला, दिवा लावला आणि हात जोडून सांगितलं, "देवा, आता तुझ्याशिवाय कुणाकडं काही मागायचं नाही. न मागता येईल ते डोक्याला लावून घेईन. न येईल त्याच्यावाचून राहीन." तिचे बाकीचे नेम होतेच. सूर्य उगवायच्या आत अंघोळ, सकाळ-संध्याकाळ दिवा, पहिला घास पाखराला. त्यांत हा एक वाढला. पण बाकीचे नेम ती पाळत होती आणि हा नेम तिला पाळत होता, असं तिला वाटे.

आणि खरं सांगायचं तर देवानंही आजवर शब्द राखला होता. घाटात चाक फुटलं तेव्हा मागून येणारा दूधवाला न बोलावता थांबला आणि चाक बदलून, हात झटकून निघून गेला. इंजिन तापून वाफा यायला लागल्या तेव्हा एक शाळामास्तरीण घागरभर पाणी घेऊन आपण होऊन आली. बॅटरी बसली तेव्हा तर एका लग्नाच्या वऱ्हाडानं गाडी ढकलली होती, नवरदेवासकट. आत्यानं कुणाला हाक मारली नव्हती. ती आपली पायरीवर बसून जप करायची आणि माणसं यायची.

या वेळी मात्र जप चालला होता आणि कुणी येत नव्हतं.

नदीकाठच्या त्या माळावर हंगामात घरगाड्या उतरायच्या. पाण्याचा नळ होता, झाडं होती, आणि माळाचा मालक सकाळी येऊन जागेचं भाडं घेऊन जायचा. हंगाम संपला तशा गाड्या एकेक करून निघून गेल्या. सोमवारी मालक फाटकाला कुलूप लावणार होता, कारण मग नदीचं पाणी माळावर चढतं. गावातला गॅरेजवाला येऊन गेला होता. मोबदला देऊन काम सांगणं म्हणजे मागणं नव्हे, असा आत्याचा हिशेब. त्यानं दोनदा किल्ली फिरवली, कान खाजवला आणि म्हणाला, "पंप गेला. या गाडीला पंप मिळायचा नाही. मिळाला तर गाडीच्या किमतीत मिळेल."

हे तिनं फोनवर दादाला सांगितलं. खरं तर सांगायला नको होतं. दादा लगेच म्हणाला, "बघ, मी काय म्हणत होतो? रविवारी येतो गाडी घेऊन. तोवर चालू झाली तर देवाची कृपा, नाहीतर तिथल्या तिथं भंगारात. तू आपली घरी चल. तुझी खोली आहे तशी आहे."

तुझी खोली आहे तशी आहे. तोंडानं ती "बरं," म्हणाली. आयुष्यभराची सवय, दुसरं काय.

माळावर आता दोनच गाड्या उरल्या होत्या. एक तिची, आणि दुसरी समोरच्या झाडाखालची एका जोडप्याची. नवरा म्हातारा, ताठ, बसडेपोत मेस्त्री म्हणून हयात घालवलेला. बायको ठेंगणी, गोल आणि जिभेला धार. पहिल्याच दिवशी आत्यानं तिला काकू म्हटलं तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काकू? अहो ताई, तुमच्याहून चार पावसाळेच जास्त पाहिलेत मी. वहिनी म्हणा." आत्या हसली, पण वहिनी हा शब्द काही तिच्या ओठांवर येईना. त्या शब्दाला साबणाचा वास होता.

गंमत अशी की मेस्त्री बोलायला मायाळू, दिसला की "काय ताई, जेवलात का?" म्हणणारा. पण तिची गाडी खाकरायला लागली की त्याचं काहीतरी व्हायचं. खुर्चीत बसल्या जागी तो चुळबुळायचा, वर्तमानपत्र उलटं धरायचा, उठायचा, दोन पावलं तिच्या गाडीकडं टाकायचा आणि बायकोकडं बघून पुन्हा बसायचा. आत्याला नवल वाटायचं. हा माणूस जन्मभर गाड्या दुरुस्त करत आलेला, आणि शेजारी गाडी आचके देतेय तर पाहायलाही येत नाही. आपलं काही चुकलं असेल का?

शुक्रवारी दिवेलागणीला कोडं सुटलं. आत्यानं दिवा लावला आणि रोजच्यासारखं देवाशी बोलली. ती मनातल्या मनात प्रार्थना करणारी नव्हती. देव म्हातारा झालाय, त्याला जरा मोठ्यानं सांगावं, असं तिची आई म्हणायची, तेच तिच्या अंगात मुरलं होतं. "देवा," ती म्हणाली, "रविवारी दादा येतोय. एवढी गाडी चालू कर. मला त्या खोलीत परत पाठवू नकोस. दुसरं काही मागत नाही."

गाडीचा पत्रा तो केवढासा. पलीकडं झाडाखाली चहाचा कप आपटल्याचा आवाज झाला.

"मागितलं! ऐकलंस ना? तोंडानं मागितलं!" मेस्त्री म्हणत होता.

"तुमच्याकडं नाही, देवाकडं मागितलं."

"मग देवानं मला ऐकू घातलं."

"देवाला तुमचा पत्ता ठाऊक असता तर तुमचं काळीज उघडून शिवायची वेळ आली नसती. खाली बसा."

"अगं, पंप गेलेला नाहीये तो! मी इथून सांगतो. हवा ओढतेय गाडी. डिझेलच्या पाइपात हवा."

"ओढू दे. शपथ घेतलीय तुम्ही माझी. कुणी तोंडानं मागितल्याशिवाय दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही. इस्पितळाच्या पलंगावर माझा हात हातात घेऊन घेतलीय. आता मोडायची असेल तर माझा हात मला परत द्या आणि जा."

मग मेस्त्रीचा पडलेला आवाज आला, "पण ती मागत का नाही गं?"

"ते तिचं तिला माहीत. असतं एकेकाचं."

आत्या दिव्यापुढं तशीच बसून राहिली. म्हणजे असं होतं तर. त्यानं न मागता द्यायचं नाही म्हणून शपथ घेतलीय, आणि आपण मागायचं नाही म्हणून. दोन पावलांवर औषध आहे आणि मधे दोन नेम आडवे पडलेत. तिला हसूही आलं आणि रडूही. "हे रे काय केलंस?" तिनं देवाला विचारलं, पण या खेपेला अगदी हळू. एक वाक्य बोललं की झालं. पण त्या वाक्याच्या पुढं ते थांबणं उभं होतं. इतक्या वर्षांत ती कुठल्याही देणाऱ्यासमोर ते चुकवू शकली नव्हती. मेस्त्री भला माणूस होता. पण भले तर दादा-वहिनीही होतेच की.

शनिवारी सकाळी पाखराला घास टाकून तिनं पदर खोचला आणि गाडीचं तोंड उघडलं. आत नळ्या, तारा आणि काळं तेल. आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही, हे तिनं उघडल्या उघडल्या मान्य केलं.

समोर मेस्त्रीची खुर्ची करकरली.

"अगं, ऐकलंस का," तो बायकोला म्हणाला. बायको त्याच्या शेजारीच बसून शेंगा सोलत होती, पण तो नदीपल्याडच्या माणसाशी बोलावं तसा ओरडला. "समजा! समजा एखाद्याची गाडी हवा ओढत असेल! तर त्या माणसानं आधी काय बघावं?"

"काय बघावं?" बायको शेंगांवरून नजर न काढता म्हणाली.

"टाकीकडून येणारा रबरी पाइप! उजव्या अंगाला, मनगटाएवढ्या गोल डब्याला येऊन मिळतो तो!"

याला म्हणतात लेकी बोले सुने लागे. आत्यानं उजव्या अंगाला वाकून पाहिलं. गोल डबा होता. पाइप होता.

"पाइप बाहेरून चांगलाच दिसणार!" मेस्त्री आभाळाला सांगत होता. "गळणारसुद्धा नाही! बाहेर डिझेल येत नाही, पण आत हवा जाते. त्याच्यानंच मोठमोठे फसतात. टोकाशी वाकवून बघावा!"

आत्यानं टोकाशी वाकवला. केसाएवढी चीर तोंड उघडून बसलेली होती. वाकवल्याशिवाय दिसणार नाही अशी. तिच्या तोंडून "अगं बाई!" गेलं.

"सापडली असेल तर!" मेस्त्री खुर्चीतून अर्धा उठला, बायकोनं डोळा वर केला, तो बसला. "सापडली असेल तर तेवढं टोक धारदार सुरीनं सरळ कापावं आणि पाइप पुन्हा बसवावा. पाइपाला ढील असते, बोटभर कमी झाला तरी पुरतो. हे मी आपलं तुला सांगतोय हं. तुझ्या ज्ञानात भर."

"भरतंय ज्ञान," बायको म्हणाली. "डबा आणू का ठेवायला?"

आत्यानं कापडाची कात्री काढली. जन्मभर सरळ कापत आलेला हात तिचा, रबर काय नि सुती काय. टोक कापलं, पाइप ढकलून बसवला, पट्टी आवळली. मग झाडाखालून हुकूम आला, डब्याच्या डोक्यावरचा छोटा हातपंप दाबत राहावं आणि बाजूचा स्क्रू ढिला करून बुडबुडे जाऊ द्यावेत. तिनं दाबलं. अंगठा लाल झाला. आधी नुसता फेस आला, मग फेसातून डिझेल, मग स्वच्छ डिझेलची धार. तिनं स्क्रू घट्ट केला. उंटावरून शेळ्या हाकल्या जात होत्या खऱ्या, पण शेळ्या वळत होत्या! दोघांचेही नेम शाबूत आणि काम फत्ते. देवा, तू मोठा लबाड आहेस, ती मनात म्हणाली आणि चढून किल्ली फिरवली.

गाडी गुरगुरली. पकडलं. दोन उचक्या, आणि गप्प.

पुन्हा. पुन्हा गप्प.

मग मेस्त्री बोलला, आणि या वेळी तो ओरडत नव्हता. "पुढच्या नळ्यांत हवा राहिलीय," तो बायकोला म्हणाला. "तिथं एकानं किल्ली फिरवत राहायचं आणि दुसऱ्यानं इंजिनपाशी एकेक नट ढिला करून हवा सोडायची. एकाच वेळी." त्यानं खिसा चाचपला. "ते एकट्याचं काम नव्हे."

आत्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. सीटवरून इंजिनपर्यंत कुठल्याच माणसाचा हात पोचत नाही. उद्या सकाळी दादा.

ऊन चढलं. तिनं हात धुतले, जेवायला बसली, आणि घास काही उतरेना. एवढ्यात दारावर टकटक झाली. मेस्त्रीची बायको उभी होती, हातात मलमाची बाटली.

"ताई, एक मागू का? नाही म्हणालात तरी मी रागवायची नाही."

"काय हो?"

"पाठ धरलीय माझी. दोन खांद्यांच्या मधे, तिथं माझा हात पोचत नाही. आणि ह्यांचे हात म्हणजे लाकूड घासायचा कागद. सालटं निघतात. चोळून द्याल?"

आत्या ताट सरकवून उठलीसुद्धा. तिला पलंगावर पालथं झोपवलं, पडदे ओढले, मलम तळहातावर घेऊन गरम केलं. ती गोल, गोरी, तीळ असलेली पाठ होती. आत्या चोळत राहिली. मानेखाली एक गाठ हाताला लागली, ती तिनं अंगठ्यानं हळूहळू विरघळवली, तशी बाई "आई गं, देवाघरी जाल हो सुखानं," म्हणून विव्हळली. आणि आत्याच्या ध्यानात आलं, आपल्याला बरं वाटतंय. नुसतं बरं नाही, छातीत काहीतरी उघडल्यासारखं. भावाच्या घरात तिला कामं सांगितली जायची. मागितलं कुणीच नव्हतं कधी. आपण इतक्या कामाच्या आहोत म्हणून कुणी दाराशी येऊन, नाही म्हणायची मोकळीक ठेवून विचारावं, हे असं वाटतं होय?

"तुम्हाला मागायला काही वाटत नाही?" तिनं विचारलं.

"मला? अहो, लग्न झाल्यापासून मागतेच आहे. आधी लाज वाटायची. मग कळलं, आपण मागितलं नाही की हे रुसतात." ती उशीतच हसली, मग म्हणाली, "ऐकलंत ना काल आमचं? ऐकलं असणार. पत्रा केवढासा. त्याचं असं झालं, हे जाऊन कुणाच्याही गाडीखाली शिरायचे. एकाची न विचारता नीट केली. त्यानं वर यांनाच चोर ठरवलं, सगळ्या लोकांत नाही नाही ते बोलला. हे घरी आले ते पांढरेफटक. त्याच रात्री छातीत कळ. म्हणून घातली शपथ. तोंडानं मागितलेलं असलं की निदान नंतर शिव्या देताना माणसाची जीभ अडखळते." तिनं मान वळवून आत्याकडं पाहिलं. "ती काही मी सोडायची नाही, ताई. मला तो माणूस हवाय."

"नका सोडू," आत्या मनापासून म्हणाली.

बाईला दारापर्यंत सोडायला ती खाली उतरली. झाडाला बांधलेल्या दोरीवर त्यांचं धुणं होतं. गुरुवारी निघणार होते ते. बाई म्हणाली होती, धुणं वाळलं की निघू. शुक्रवारीही हेच म्हणाली होती. आत्याचा हात जाता जाता सहज चादरीला लागला. कपडेखोलीतला हात होता तो. ही चादर आज वाळलेली नव्हती. केव्हाच वाळून, उन्हानं कडक होऊन, दोनदा दवात भिजून पुन्हा वाळलेली होती ती.

म्हणजे हे थांबलेत. जायचं सोडून, कुणी न सांगता. हात लावता येत नाही तर निदान समोर बसायला.

आत्या तिथंच उभी राहिली. मेस्त्री खुर्चीत डोळे मिटून होता, पण झोपलेल्या माणसाचे पाय असे हलत नाहीत. आजवरचे सगळे साबण आणि सुटे पैसे आडवे आले. देवा, ती मनात म्हणाली, तुला दिलेला शब्द आहे. रागवायचं तर नंतर रागव.

"मेस्त्री."

त्यानं डोळे उघडले.

"माझ्याच्यानं एकटीनं होत नाहीये. तेवढी... माझी गाडी चालू करायला मदत कराल का?"

आणि ती त्या थांबण्याची वाट पाहत उभी राहिली. मान आपसूक खाली गेली होती.

ते आलंच नाही. खुर्ची उलथी पडल्याचा आवाज आला, आणि तिनं मान वर केली तोवर मेस्त्री तिच्या गाडीच्या तोंडात कमरेपर्यंत गेलाही होता. "पाना!" तो आतून ओरडला. "अगं, माझा पाना कुठं ठेवलायस?"

"तुमच्याच खिशात!" बायको म्हणाली. "गुरुवारपासून घेऊन बसलाय. वाकू नका तेवढं! ताई, तुम्ही चढा. मी यांच्यावर नजर ठेवते."

आत्या चढली. "फिरवा," म्हटलं की किल्ली फिरवायची, "पुरे," म्हटलं की सोडायची. इंजिनपाशी फस्स फस्स करत हवा सुटत होती. मेस्त्री प्रत्येक नळीशी लाडानं बोलत होता, "हां, सोड, सोड बाळा, किती धरून ठेवशील." बायको फडकं घेऊन उभी राहून त्याला मधेमधे सुनावत होती. मग शेवटचा नट आवळला गेला. मेस्त्री बाजूला झाला.

"आता फिरवा, ताई. देवाचं नाव घेऊन."

गाडी गुरगुरली, खाकरली, आणि बोलायला लागली. थांबलीच नाही. कपाटातल्या बशा किणकिणायला लागल्या, पडदे थरथरले. आत्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खाली मेस्त्री बॉनेटवर तळवा ठेवून, डोळे मिटून, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा उभा होता, आणि त्याची बायको त्याच्याकडं बघत होती.

"वहिनी," आत्या खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "चहा इथंच घ्यायचा हं आता." शब्द सरळ आला. कुठं अडला नाही.

त्या संध्याकाळी दिवा लावून ती देवापुढं बसली. मग म्हणाली, "आज मागितलं मी, माणसाकडं. नेम मोडला. तुला काय म्हणायचं ते म्हण." ज्योत नीट उभी होती. देव काही म्हणाला नाही. पण त्याचं न बोलणं रागाचं नव्हतं, एवढं इतक्या वर्षांच्या सोबतीनं तिला कळत होतं.

रविवारी दादा आला तो डिकीत रिकामे खोके घेऊन. पहाटेच निघाला होता. उतरताना गुडघा धरून उभा राहिला, केव्हा एवढा म्हातारा झाला कोण जाणे. गाडी चालू होती. तो तिच्याभोवती एक चक्कर मारून आला.

"चालू आहे?"

"चालू आहे."

"गॅरेजवाला तर म्हणाला होता..."

"त्यानं किल्ली फिरवून पाहिली. पाइप नाही पाहिला."

दादा पायरीपाशी आला आणि घुटमळला. आत पडदे, ओटा, दिवा. आजवर त्यानं ती गाडी लांबूनच पाहिली होती. "आत येऊ का?" त्यानं विचारलं. तिच्याच घराच्या दारात उभं राहून तिलाच. आत्यानं त्याला पलंगावर बसवलं, पायाखाली उशी दिली, चहा दिला. तो फुंकर मारत मारत प्यायला.

"आज चालू झाली. उद्या रस्त्यात पुन्हा बंद पडली तर?"

"पडेल की. जुनी गाडी आहे."

"मग? काय करशील?"

"मागेन कुणाकडं तरी मदत."

"कुणाकडं?"

"दिसेल त्याच्याकडं."

दादानं तिच्याकडं पाहिलं. समजावणीची दोन-तीन वाक्यं तोंडापर्यंत येऊन गेली असावीत, पण चहाबरोबर गिळली त्यानं. बाहेर झाडाखालच्या वहिनीनं एकदाची चादर दोरीवरून काढली, मेस्त्रीनं दुसरं टोक धरलं, आणि दोघं घडी घालायला लागली. दादा उठला. जरा घाईनंच आपल्या गाडीकडं गेला. डिकी उघडून खोके बाजूला सारत राहिला. परत आला तेव्हा त्याच्या हातात दोराचं जाड भेंडोळं होतं. तिची गाडी ओढून न्यायला आणलेला दोर.

तो त्यानं आत्याच्या पलंगाखालच्या खणात नीट बसवला. मावत नव्हता, तर गुडघ्यावर बसून कोंबला.

"राहू दे तुझ्यापाशी," तो खालूनच म्हणाला. "कुणी ओढायला तयार झालं, तर दोर तरी हवा."